पॅसेजमधला काळा पट्टा

जिप्सम बोर्डाच्या भिंतींचं फिनिशिंग हा माझा धंदा. टेक्श्चर, म्हणजे भिंतीचा वरचा पोत, ठरवायचं म्हटलं की गिऱ्हाईक मोबाइलमधला फोटो पुढे करतं. मी फोटो बघतो आणि मग त्या घराच्या खिडक्या कुठे आहेत ते शोधतो. फोटोत उजेड नेहमी समोरून पडलेला असतो, राहत्या घरात तो कुठूनही येतो.

त्या घरी बाथरूमच्या पाइपमधून पाणी झिरपून पॅसेजच्या भिंतीचे खालचे बोर्ड फुगले होते. ते बदलायचे आणि त्या निमित्ताने घरभर नवं टेक्श्चर द्यायचं, असं काम होतं. हवा दमट, बरेच महिने कपडे लवकर वाळत नाहीत अशी. घरात नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि साहेबांच्या आई. ताईंना नॉकडाउन हवं होतं. त्यात मसाला, म्हणजे बोर्डांचे जोड भरायची पांढरी लापशी, हॉपर गनने (वर भांडं असलेल्या फवारणीच्या बंदुकीने) फवारतात, दहा-पंधरा मिनिटं जरा आवळू देतात आणि रुंद पत्र्याने वरचे शेंडे हलके दाबून सपाट करतात. दिसायला छान. जोड झाकतं, बोर्ड बसवणाऱ्याच्या चुकाही झाकतं, म्हणून आमच्या धंद्यातल्या काही लोकांचं ते जरा जास्तच लाडकं आहे.

"पॅसेजला जाडच द्या," ताई म्हणाल्या. "मुलगा सतत हात लावतो, डाग दिसायला नकोत."

पॅसेजच्या जुन्या भिंतीवरही जाड, खरखरीत टेक्श्चर होतं. मी सवयीप्रमाणे बॅटरी भिंतीला चिकटवून आडवा झोत टाकला. असा झोत टाकला की जोड, खड्डे, स्क्रूची डोकी सगळं उघडं पडतं. इथे वेगळंच काही दिसलं. कमरेच्या जरा वर, हातभर रुंदीचा एक पट्टा भिंतभर गेला होता. त्या पट्ट्यात टेक्श्चरचे शेंडे झिजून गेलेले, रंग काळपट आणि तुकतुकीत. वर आणि खाली मात्र सगळे शेंडे जागच्या जागी. पट्टा आतल्या खोलीच्या दारापासून निघत होता आणि बाथरूमच्या चौकटीशी संपत होता. समोरच्या भिंतीवर काहीच नव्हतं.

मुलाचे डाग असे नसतात. ते खाली असतात, विखुरलेले असतात.

"ती माझी वाट आहे," आजी खोलीच्या दारातून म्हणाल्या. "रात्री दिवा लावला की सगळे जागे होतात. मी आपली हात लावून जाते."

त्यांनी करून दाखवलं. तळवा नव्हे, बोटांची मागची बाजू टेकवत जात होत्या. दोन पेरांवर खरचटल्याच्या जुन्या खुणा होत्या. वयाबरोबर कातडी पातळ होते, तिला ही भिंत म्हणजे पॉलिश पेपरच. साहेब आईच्या हाताकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "ही भिंत गुळगुळीत करा."

बोलायला सोपं. पॅसेजच्या टोकाला मोठी खिडकी होती आणि सकाळचा उजेड भिंतीवरून घसरत यायचा. अशा उजेडात गुळगुळीत भिंत काहीही लपवत नाही. ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्सम बोर्डाच्या भिंतीच्या, फिनिशिंगला शून्य ते पाच अशा पातळ्या आहेत. चौथीत जोडांवर आणि स्क्रूंवर मसाल्याचे हात होतात, पण मधला बोर्डाचा कागद उघडाच राहतो. कागद आणि मसाला रंग वेगवेगळा शोषतात, मग तिरप्या उजेडात पट्टे उमटतात. पाचवीत सगळ्या भिंतीवर मसाल्याचा पातळ थर ओढतात. इथे पाचवीच हवी होती. आणि या कामाला वेळ लागतो, पैसेही. ते मी तेव्हाच सांगून टाकलं.

एक गोष्ट बाजूने होती. बोर्ड मी आडवे बसवणार होतो, म्हणजे लांब जोड उजेडाच्या दिशेनेच जाणार. उजेडाला समांतर जोडाची सावली पडत नाही, आडव्या येणाऱ्या जोडाची पडते. उभे जोड कमीत कमी ठेवले आणि खिडकीपासून लांब नेले.

वरच्या अर्ध्या भागातलं जुनं टेक्श्चर खरवडायचं होतं. (घर जुनं असेल, साधारण 1980 च्या आधीचं, तर जाड टेक्श्चर तपासून घेतल्याशिवाय खरवडू नये. त्या काळी अनेक देशांत त्यात अ‍ॅस्बेस्टॉस घालत. हे घर बरंच अलीकडचं होतं.)

हवेचा प्रश्न मात्र होताच. बादलीत तयार मिळणारा मसाला पाणी उडून सुकतो. हवेतच पाणी भरलेलं असलं की तो रेंगाळतो. वरून कोरडा दिसतो, आत ओला असतो. त्यावर पुढचा हात मारला तर नंतर आकसतो आणि जोडावर खळगा पडतो. म्हणून जोडांचे पहिले हात पावडरच्या मसाल्याचे मारले. त्यात पाणी घातलं की तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो, हवेची वाट बघत नाही. पण घासायला तो महाकठीण, त्यामुळे शेवटचा पातळ थर तयार मसाल्याचाच, मग पंखा, डिह्युमिडिफायर आणि सबुरी.

बाथरूमचं छत बघायला स्टुलावर चढलो तर तिथलं टेक्श्चर पोपड्यांनी सुटत होतं. एक पोपडा तळहातावर घेतला, ओल्या बोटाने चोळला. पांढरी लापशी झाली. तयार मसाला कितीही सुकला तरी पाणी लागलं की पुन्हा मऊ होतो. त्यावर नीट प्रायमर आणि रंग नसेल तर रोजची वाफ त्याला खाली आणतेच. मागचा बोर्डाचा कागद काळा पडला होता. बुरशीला ओल आणि खायला काहीतरी लागतं, कागद तिला चालतो, आणि खरखरीत पृष्ठभागावर अडकलेली धूळही चालते. भिजलेला बोर्ड एक-दोन दिवसांत कोरडा झाला नाही तर ती धरतेच.

"मग बुरशी न लागणारं टेक्श्चर द्या," साहेब म्हणाले. असं टेक्श्चर नसतं. बाथरूमला ओल सोसणारा बोर्ड, सपाट फिनिश, पुसता येईल असा सॅटिन (हलक्या चमकेचा) रंग आणि वाफ घराबाहेर फेकणारा पंखा दिला. जुना पंखा वाफ छताच्या वरच्या पोकळीतच सोडत होता. घरातली हवा साठ टक्के आर्द्रतेच्या खाली राहिली तर निम्मी भांडणं मिटतात.

राहिलेल्या खोल्यांसाठी बोर्डाचे तुकडे घेऊन त्यांवर नॉकडाउन, बारीक ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखं दिसणारं) आणि सपाट, असे नमुने करून नेले. ते मी कधी हातात देत नाही. त्या-त्या भिंतीवर टेकवून ठेवतो आणि दिवसभर तिथेच राहू देतो, सकाळ-संध्याकाळच्या उजेडात बघायला. आजींनी प्रत्येकावरून हाताची मागची बाजू फिरवली. मुलाने पेन्सिलीने रेघा मारल्या, मग मी ताईंना ओलं फडकं दिलं. नॉकडाउनच्या खाचांतला शिसाचा रंग निघेना. मुलाच्या खोलीला बारीक ऑरेंज पील ठरलं, ठिगळ मारायलाही ते सोपं. नॉकडाउन दिवाणखान्याच्या छताला दिलं, तिथे ना हात पोचतो ना पेन्सिल, आणि ताईंचं मनही राहिलं.

पॅसेजचे खालचे बोर्ड बाराशे मिलिमीटर उंचीवर कापून काढले होते, आतले स्टड, म्हणजे बोर्ड ज्यांवर बसवतात ते उभे खांब, उघडे होते. मी साहेबांना म्हटलं, भिंत बंद व्हायच्या आत कमरेच्या उंचीला स्टडच्या मधे प्लाय भरून घेऊ. नुसत्या बोर्डात स्क्रू माणसाचं वजन धरत नाही. उद्या आधाराचा दांडा लावायचा झाला तर भिंत फोडावी लागणार नाही.

"मला दांडा कशाला?" आजी आतूनच म्हणाल्या. "गुळगुळीत झाली की पुरे."

प्लाय भरला. कुठून कुठपर्यंत ते टेपने मोजून फोटो काढले आणि साहेबांना पाठवले. पॅसेजला धुता येणारा मॅट रंग दिला, कारण चमक वाढली की त्या खिडकीच्या उजेडात पाचवी पातळीही कमी पडली असती. दांडा त्यांनी अजून लावलेला नाही.