एक डिश, दोन रेडिओ : दांडिया बाजार–मांजलपूर लिंक, नोंद तिसरी

वडोदऱ्यातल्या दोन गच्च्यांमधली ही बिनतारी लिंक. मागच्या नोंदीत एका डिशला दोन रेडिओ जोडायला लावलेला स्प्लिटर (सिग्नल दोन वाटांत विभागणारा जोड) उतरवला. आता दोन्ही गच्च्यांवर ६० सेंमीची एकेक डिश, तिला दोन्ही बँडचा फीड (डिशच्या फोकसवरचा अँटेना), खाली डायप्लेक्सर (दोन बँड वेगळे करणारा फिल्टर) आणि त्याला दोन रेडिओ : एक २.४ गीगाहर्ट्झचा, एक ५.८ चा. हवाई अंतर सुमारे ३ किलोमीटर.

स्प्लिटर का फसला ते आधी, कारण हा मोह सगळ्यांनाच होतो. दोन्ही रेडिओ ५.८ वरच होते, चॅनेलमध्ये ४० मेगाहर्ट्झचं अंतर. स्प्लिटरच्या कागदावर दोन पोर्टमधलं आयसोलेशन, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्यात न गळण्याचं माप, २५ डीबी लिहिलेलं होतं (१० डीबी म्हणजे ताकदीत दहापट). पण हा आकडा तिसऱ्या पोर्टवर नेमका ५० ओहमचा लोड (सगळी पॉवर गिळणारा रोध) असेल तेव्हाचा. तिथे फीड लावला आणि त्याचा रिटर्न लॉस १० डीबी असला, की पहिल्या रेडिओची पॉवर ३ डीबी गमावून वर जाते, १० डीबी खाली होऊन परत येते आणि आणखी ३ डीबी गमावून दुसऱ्या रेडिओत शिरते. झाले १६ डीबी. रेडिओ २० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली ताकद) सोडतो. बाजूच्या चॅनेलमधला त्याचा गोंगाट मूळ सिग्नलच्या ४० डीबी खाली धरला, तरी शेजाऱ्याच्या रिसीव्हरवर उणे ३६ डीबीएम पडतात. लांबून येणारा सिग्नल उणे ६० च्या आसपास. ऐकणार काय, कपाळ! शिवाय स्प्लिटर प्रत्येक टोकाला ३ डीबी खातो. दोन टोकांचे ६, म्हणजे पल्ला निम्मा. आणि डीटीएचचा स्प्लिटर तर हातातसुद्धा घेऊ नका : तो ७५ ओहमचा, ५.८ साठी बनलेलाच नाही.

डायप्लेक्सरमध्ये भांडण मिटतं, कारण प्रत्येक पोर्ट दुसऱ्याचा बँड फिल्टरनेच अडवतो. हातातल्या नगाचं आयसोलेशन ५० डीबीच्या वर, लॉस १ डीबीच्या आत. मोजायला साधा नॅनो व्हीएनए (केबल-फिल्टर तपासायचं छोटं यंत्र) पुरत नाही, ६.३ गीगाहर्ट्झपर्यंत जाणारा लाइट व्हीएनए लागतो.

जोडणीत दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. पहिली, एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन कनेक्टर. आटे तेच, दोन्ही घट्ट बसतात, पण आरपी-एसएमएच्या मेल कनेक्टरमध्ये मधली पिन नसते. तो साध्या एसएमए फीमेलवर चढवला की आत छिद्रासमोर छिद्र. लिंक तरीही लागते, कारण गळक्या सिग्नलवर थोडंफार चालतं. फक्त सिग्नल बराच कमी. फिरवण्याआधी आत डोकावून पिन पाहा. दुसरी, रेडिओला दोन चेन (पाठवण्या-ऐकण्याच्या वाटा) आणि फीडला प्रत्येक बँडची एकच. सॉफ्टवेअरमध्ये दुसरी चेन बंद करा, नाहीतर अर्धी पॉवर मोकळ्या पोर्टवर जाते; त्या पोर्टवर ५० ओहमचा लोडही चढवा. एका चेनवर, २० मेगाहर्ट्झ रुंदीला, वायफायच्या ११एन पिढीचा वरचा दर ७२ एमबीपीएस, खरा थ्रूपुट त्याहून बराच कमी.

दोन्ही बोर्ड एकाच डब्यात उघडे ठेवले तर डायप्लेक्सरचे ५० डीबी पाण्यात : बोर्डाच्या पिगटेलमधूनच (छोट्या जोडकेबलमधूनच) गळती होते. शंका आली तर फीड काढून डायप्लेक्सरच्या सामायिक पोर्टवर लोड लावा, एक रेडिओ पूर्ण जोरात पाठवता ठेवा आणि दुसऱ्याचा नॉइज फ्लोअर (सिग्नल नसतानाचा गोंगाट) पाहा. तरीही वर चढत असेल तर दोष डब्यात, फीडमध्ये नाही.

केबल एलएमआर-४००, २ मीटर. मीटरमागे २.४ वर साधारण ०.२२ डीबी, ५.८ वर ०.३५. आरजी-५८ चा तुकडा पडून आहे म्हणून वापरू नका. पॉवर ठरवताना डिशचा गेन (एका दिशेला सिग्नल किती वाढतो ते) धरायलाच हवा : २.४ वर सुमारे २१ डीबीआय, ५.८ वर २८. मर्यादा ४ वॉट ईआयआरपीची (रेडिओ आणि डिश मिळून सुटणारी ताकद), म्हणजे ३६ डीबीएम. त्यामुळे ५.८ चा रेडिओ ८ डीबीएमवर आणला आहे, २.४ चा १५ वर.

फोकस ५.८ वर जुळवा. दोन्ही बँडचा फेज सेंटर (फीडमधल्या ज्या बिंदूतून लहरी निघाल्यासारख्या वाटतात तो) एकाच बिंदूत येत नाही, आणि लहान तरंगलांबीला मिलिमीटरही जड जातात.

सामायिक डिशचा एक फायदा उशिरा कळला. ५.८ चा बीम जेमतेम ६ अंशांचा, २.४ चा १४ च्या वर. डिश ५ अंश फिरली तर ५.८ सुमारे ८ डीबीने पडतो, २.४ दीडने. म्हणजे फक्त ५.८ घसरला तर पाना घेऊन वर जा. दोन्ही घसरले तर सामायिक एन कनेक्टर उघडून पाणी पाहा.

बाकी राहिलं ते उत्तरायणाचं. १४ जानेवारीला प्रत्येक अगाशीवर पतंग, आणि फीडच्या दांडीत अडकलेला मांजा कुणीतरी ओढणारच. क्लॅम्पला दुसरा यू-बोल्ट टाकायचा आहे. केबल पीव्हीसीच्या नळीतून न्यायची आहे, कारण काचेचा मांजा सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप सरळ चिरतो. डिशच्या कडेवर आणि खांबावर एका रेषेत मार्करची खूण मात्र आत्ताच करून ठेवली आहे, म्हणजे डिश फिरली तर लगेच दिसेल.