मांडीवरचं खोकं

रानाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर दिवेलागणीला गाडी सावकाश न्यायची आणि दिव्यांच्या उजेडात गवतात कुणाचे डोळे चमकतात ते बघायचं, एवढाच त्या संध्याकाळचा बेत होता. नवरा चालवत होता, मी शेजारी, मागे सासूबाई आणि दोन्ही मुलं. तासाभरात एक ससा आणि कोल्ह्याची नुसती पाठ दिसली. थोरलीने दोन्ही वहीत लिहून ठेवलं.

परतताना मोठा रस्ता लागला. मागून एक गाडी भरधाव आली, आम्हाला ओलांडून गेली, आणि त्याच क्षणी कडेच्या गवतातून काहीतरी पांढरं उठलं. थड् असा बारीक आवाज झाला. ती गाडी थांबली नाही.

आम्ही थांबलो. नवऱ्याने गाडी पूर्ण कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावले. मुलांना आतच बसवलं, कारण अंधारात रस्त्यावर वाकलेलं माणूस मागून येणाऱ्याला दिसत नाही. सासूबाई मात्र मोबाइलचा दिवा घेऊन उतरल्या आणि रस्त्याबाहेर उभ्या राहून मागून येणाऱ्या गाड्यांना हात करू लागल्या.

ते गव्हाणी घुबड होतं. पत्त्यातल्या बदामासारखा पांढरा चेहरा, काळे डोळे, एक पंख लोंबत जमिनीला टेकलेला. जवळ गेल्यावर त्याने चोच टकटक वाजवली आणि साप फुत्कारावा तसा आवाज काढला. मी घाबरले, पण बरंही वाटलं. त्याच्यात धुगधुगी होती.

संध्याकाळी मिळालेल्या माहितीपत्रकावर वन्यजीव बचाव केंद्राचा नंबर होता. पहिल्यांदा फोन नुसता वाजत राहिला. दुसऱ्यांदा एका बाईंनी उचलला आणि शांतपणे, एकेक पायरी सांगत गेल्या. चोचीपासून नाही, पायांपासून जपून राहा. घुबडाची पकड नख्यांची असते. मागच्या बाजूने जा, डोक्यासकट अंगावर कापड टाका, पंख अंगालगत मिटवा आणि दोन्ही पाय कापडाबाहेरून धरा. छाती दाबू नका, कारण आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वासाचा पडदा, पक्ष्याला नसतं. त्याची छाती हलली नाही तर श्वासच थांबतो.

माझ्या हातात टॉवेल होता. त्या म्हणाल्या, "उचलायला चालेल, पण खोक्यात ठेवू नका. त्याचे धागे नख्यांत गुंततात." मग डिकीतलं सामान बाहेर काढून पुठ्ठ्याचं खोकं रिकामं केलं, तळाशी नवऱ्याचा जुना टी-शर्ट अंथरला आणि स्क्रू-ड्रायव्हरने बाजूंना भोकं पाडली. घुबड उचललं तर हातात जणू काही नव्हतंच. सगळं आकारमान पिसांचं.

सासूबाईंनी तोवर पाण्याची बाटली उघडली होती. त्यांना वाटलं, दोन थेंब चोचीत घालावेत. मलाही तसंच वाटलं होतं. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "अजिबात नको. गुंगीत असलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. अंधार, ऊब आणि शांतता, एवढंच द्या." निघण्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट करायला लावली: जागा नक्की नोंदवायची. नवऱ्याने शेजारच्या किलोमीटरच्या दगडाचा फोटो काढला.

केंद्र दीड तासावर होतं. खोकं माझ्या मांडीवर. बोलायचं नाही, गाणी नाहीत, आतला दिवा लावायचा नाही आणि झाकण उघडून बघायचं नाही. आपल्या जवळ असणं, आपला आवाज, आपले डोळे हे सगळं त्याला शिकाऱ्यासारखंच वाटतं. या भीतीने वाचणारा प्राणीही जाऊ शकतो. ज्या मुलांना घेऊन प्राणी बघायला निघालो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर घुबड होतं आणि त्यांना ते बघता येत नव्हतं. धाकटा अवघा पाच वर्षांचा. पूर्ण रस्ता त्याने तोंडावर हात धरून काढला. मधेच खोक्यात खरखर व्हायची, मग बराच वेळ काहीच नाही, आणि त्या शांततेत माझा जीव टांगणीला लागायचा.

केंद्रावर डॉक्टरांनी आधी पंख नाही, डोळे तपासले. घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट असतात, खोबणीत फिरत नाहीत. म्हणून तर त्याला मान २७० अंशांपर्यंत वळवावी लागते. धडकेत पंखाआधी डोळ्याच्या आत रक्तस्राव झालेला असू शकतो. आमच्या घुबडाचे दोन्ही डोळे चांगले होते. एक्स-रेत खांद्याला छातीशी जोडणारं हाड मोडलेलं दिसलं. पंख अंगाशी बांधून विश्रांती दिली तर जुळेल, असं ते म्हणाले. वजन भरलं ३४० ग्रॅम.

गवतात उंदीर असतात, म्हणून हे घुबड रस्त्याच्या कडेने खालून, गाडीच्याच उंचीवर उडत शिकार शोधतं. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर नवरा बराच वेळ गप्प होता.

टी-शर्टवर एक काळपट, गुळगुळीत गोळा सापडला. न पचलेली हाडं आणि केस घुबड असे ओकून टाकतं. डॉक्टरांनी चिमट्याने तो थोरलीसमोर उलगडला. आत उंदरांच्या तीन कवट्या होत्या. तिने तिन्हींची चित्रं वहीत काढली.

हाड जुळायला आणि मग मोठ्या पिंजऱ्यात उडायचा सराव व्हायला मिळून सहा आठवडे गेले. सोडायचं ठरलं आणि पाऊस लागला. या घुबडाची पिसं पाण्यापुढे टिकत नाहीत, त्यामुळे आणखी दोन दिवस थांबलो. मग त्याच दगडापाशी, पण रस्त्यापासून चांगलं आत, जिथे त्याचा ओळखीचा इलाका आणि कदाचित जोडीदार होता, तिथे आम्हालाही बोलावलं.

अंधारताना खोकं जमिनीवर ठेवलं, झाकण काढलं आणि सगळे मागे सरकलो. ते काठावर येऊन बसलं. मान पूर्ण फिरवून एकदा आमच्याकडे बघितलं. मग पंख उघडले आणि गवतावरून गेलं, जराही आवाज न करता.

धाकट्याने माझा हात ओढला आणि कानाशी येऊन विचारलं, "आता बोलू का?"