सरांना किती मार्क द्यायचे?

बीएस्सीला असताना शिक्षकांबद्दलचा फीडबॅक फॉर्म म्हणजे काय, तर परीक्षेच्या आठवडाभर आधी सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक टाकायचा, "आजच्या आज भरा रे, ऑफिसमधून सारखं विचारतायत", आणि आम्ही बसस्टॉपवर उभ्या उभ्या सगळ्याला 'उत्तम' करून मोकळे. वर ईमेल आणि रोल नंबर कंपल्सरी. ज्यांच्या हातात इंटर्नलचे मार्क, त्यांच्याबद्दल स्वतःच्या रोल नंबरनिशी खरं कोण लिहिणार, सांगा ना.

एकच वर्ष, आम्ही एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा, कागदी फॉर्म आले होते, नावाशिवाय. तेव्हा आम्ही खरं लिहिलं, म्हणजे तेव्हा आम्हाला जे खरं वाटत होतं ते. प्रॉबॅबिलिटी शिकवणारे सर नोट्स द्यायचे नाहीत, कोणालाही फळ्यावर बोलवायचे, चुकलं तर चुकू द्यायचे आणि मग विचारायचे, कुठे घसरलीस ते तूच शोध. दुसरे एक सर इम्पॉर्टंट क्वेश्चन्सची यादी आणि टाइप केलेल्या नोट्स द्यायचे. आम्ही नोट्सवाल्यांना भरभरून मार्क दिले आणि प्रॉबॅबिलिटीच्या सरांना मी स्वतः 'समाधानकारक नाही' दिलं. पुढे एमएस्सीच्या एन्ट्रन्सला कंडिशनल प्रॉबॅबिलिटीची गणितं आपोआप सुटत गेली आणि नोट्समधलं काहीच आठवेना, तेव्हा मला त्या फॉर्मची आठवण आली आणि फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

आता मी स्वतः शिकवते, स्टॅटिस्टिक्स, तासिका तत्त्वावर, म्हणजे नेमणूक दरवर्षी नव्याने. त्यामुळे फीडबॅकचा आकडा माझ्यासाठी नुसता आकडा नसतो, पोटात गोळा येतो तो बघताना. म्हणून मी यावर थोडं वाचलं. कॅरेल आणि वेस्ट या दोघांचा 2010 चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या एअर फोर्स अकॅडमीतला. तिथे कोणत्या मुलाला कोणते प्राध्यापक हे लॉटरीसारखं ठरतं, सिलॅबस एक, परीक्षा एक, म्हणून तुलना नीट करता येते. तर पहिल्या कॅल्क्युलसच्या कोर्सला ज्यांच्याकडे मुलांना जास्त मार्क पडले त्या शिक्षकांना फीडबॅकही चांगला मिळाला, पण त्यांचीच मुलं पुढच्या वरच्या कोर्सेसमध्ये मागे पडली. आणि अनुभवी प्राध्यापकांचं बरोबर उलटं. वाचताना मला आमचा एसवायचा वर्गच दिसत होता.

म्हणजे मुलांना काही कळत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट काही गोष्टी फक्त मुलांनाच कळतात. तास वेळेवर सुरू होतो का, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो का, शंका विचारली की शिक्षक चिडतात का, तपासलेले पेपर परत मिळतात का. हे विचारायलाच हवं. पण मॅडमचं विषयाचं ज्ञान कसं आहे हे त्या विषयात आत्ताच शिरलेल्या मुलाने पाचपैकी किती असं कसं सांगायचं? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या 2017 पासूनच्या पद्धतीत जो स्टुडंट सॅटिस्फॅक्शन सर्व्हे आला त्यात 21 प्रश्न, पहिलाच प्रश्न सिलॅबस किती टक्के शिकवून झाला. झाला म्हणजे कोणाला समजला, हे त्यातून कळत नाही. शेवटचा प्रश्न तीन सूचना लिहा असा आहे, माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच, आणि आमच्याकडे मुलं तिथेच 'नो' लिहून सबमिट करतात. बरं, लिहिलं तरी त्याचा उपयोग त्या मुलांना काय, सेमिस्टर तर संपलेलं.

म्हणून गेल्या वर्षीपासून मी सहाव्या आठवड्यात अर्ध्या कागदाच्या चिठ्ठ्या घेते. नाव नाही. काय समजलं, काय अडलं, मी काय बदलू. पहिल्याच वेळी अकरा जणांनी लिहिलं की व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते, नमुन्यावरून काढताना एन (नमुन्यातल्या आकड्यांची संख्या) वजा एक ने का भागायचं ते कळलं नाही. मी ते दोनदा शिकवलं होतं हो! मला वाटत होतं झालं ते. मग दुसऱ्या दिवशी 2, 4, 6 एवढेच तीन आकडे घेतले, दोन-दोनच्या सगळ्या नऊ जोड्या (तोच आकडा परत घेतला तरी चालेल, क्रम बदलला की जोडी वेगळी) मुलांकडूनच काढून घेतल्या, आधी प्रत्येक जोडीचा व्हेरियन्स दोनने भागून काढला आणि त्या नवांची सरासरी घेतली तर 1.33 आली, मग एकने भागून काढली तर 2.67, आणि तिन्ही आकड्यांचा खरा व्हेरियन्सही 2.67 च. मागच्या बाकावरून "अरे हो" असा आवाज आला ना, तो कुठल्याच फॉर्मवर येत नाही.

चौघांनी लिहिलं होतं की मी लिहिलेल्या फळ्यासमोरच उभी राहते, ते मी बदललं. नऊ जणांनी टाइप केलेल्या नोट्स मागितल्या होत्या. त्यांना मी वर्गात सरळ सांगितलं की त्या मिळणार नाहीत, आणि का नाही हे सांगताना आमच्या प्रॉबॅबिलिटीच्या सरांची आणि माझ्या त्या फॉर्मची सगळी गोष्ट सांगितली.