अनोव्हात शून्य आलं म्हणून शून्य लिहू नका

पाण्यातल्या शिशाच्या सीआरएमचं (प्रमाणित संदर्भ पदार्थाचं) प्रमाणपत्र एकाच रकान्यावर अडकलं. एकजिनसीपणाची, म्हणजे बाटल्या-बाटल्यांमधल्या फरकाची, अनिश्चितता: शून्य. तपासणीला आलेल्या असेसरचा शेरा दोन शब्दांचा, "शून्य कसे?" त्यावर तीन आठवडे गेले. त्यातला पहिला मी शून्यच कसं बरोबर, हे सांगण्यात घालवला.

घोळ आमच्या एक्सेलमध्ये होता. 10 बाटल्या, प्रत्येकीची 3 रीडिंग. अनोव्हात (रीडिंगमधल्या फरकाची फोड करणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) बाटल्या-बाटल्यांमधला एमएस, म्हणजे सरासरी वर्ग, 0.29, बाटलीच्या आतला 0.36. वजाबाकी ऋण आली की शीट गुपचूप शून्य टाकायची. पण ऋण आलं याचा अर्थ बाटल्या तंतोतंत सारख्या, असा नाही. आयसीपीची (मोजणाऱ्या यंत्राची) रीडिंगच इतकी पसरलेली की बाटल्यांमधला फरक त्यात बुडाला. अशा वेळी किती फरक लपून राहू शकतो, तो आकडा धरायचा. आतला एमएस भागिले 3, त्याचं वर्गमूळ: 0.346. मग 2 भागिले आतल्या एमएसचे स्वातंत्र्यांश, म्हणजे 10 गुणिले (3 वजा 1) = 20, त्याचं चौथं मूळ: 0.562. गुणाकार 0.195 मिग्रॅ/लि. हे सूत्र आयएसओ गाईड 35 च्या 2006 च्या आवृत्तीतही होतं. शीट बनवताना कुणी उघडली नसावी, मीसुद्धा नाही.

बाटल्या शिल्लक असतील तर प्रत्येकी 6 रीडिंग घ्या. पसारा तेवढाच राहिला तर हाच घटक 0.11 वर येतो. आणि रीडिंग भरणीच्या क्रमाने घेऊ नका, क्रम आधीच पिसून ठेवा. नाहीतर यंत्राचा ड्रिफ्ट बाटल्यांचा फरक म्हणून दिसतो.

बाकीचं सरळ गेलं. मूल्यनिश्चितीचे 0.25, टिकाऊपणासाठी उताराची (काळासोबत मूल्य बदलण्याच्या दराची) प्रमाण त्रुटी महिन्याला 0.012, गुणिले 24 महिने, म्हणजे 0.288. इथेही उतार नगण्य निघाला म्हणून घटक गाळायचा नाही. वर्गांची बेरीज, वर्गमूळ 0.428, के (विश्वासपातळीसाठीचा गुणक) 2 धरून 0.86. जुन्या शून्यासकट हेच 0.76 छापलं गेलं असतं.

प्रमाणपत्रावर 100.23 ± 0.86 मिग्रॅ/लि, के = 2, सुमारे 95 टक्के विश्वासपातळी. अनिश्चितता दोन सार्थ अंकांत, मूल्य तितक्याच दशांश स्थळांपर्यंत. के लिहायला विसरलात तर घेणारा 0.86 ला 2 ऐवजी वर्गमूळ 3 ने भागतो आणि त्याचं अनिश्चिततेचं बजेट उगाच फुगतं.

शीटमधली ती शून्याची अट मी काढून टाकली. आता ऋण आलं की रकाना लाल होतो.