सीजीपीआय ५.८१, पण कितीपैकी?

पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे सरकारी धोरणांच्या अभ्यासाच्या, मास्टर्सला परदेशात आपला नंबर लागेल का, हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला त्यांनी आधी मार्क विचारले. दादरच्या एका कन्सल्टन्सीत तर समोरच्या मुलाने माझी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या निकालाचा एकत्र दाखला, पाहिली, त्यावरच्या सीजीपीआयला, म्हणजे ५.८१ या सरासरी श्रेणीगुणाला, दहाने भागलं, अमेरिकेत जीपीए चारपैकी असतो म्हणून चारने गुणलं आणि सांगून मोकळा झाला, "मॅडम, जीपीए २.३२ येतोय. मोठी नावं सोडा."

हे गणित मुळातच चुकीचं आहे. मी बीए झाले २०१६ साली. त्या वर्षांत मुंबई विद्यापीठाची श्रेणी सातपैकी होती. ७० टक्के आणि वर ओ, म्हणजे ७ गुण. ६०च्या पुढे ए, म्हणजे ६. ५५च्या पुढे बी, म्हणजे ५. सातपैकी ५.८१ म्हणजे बहुतेक पेपरांत साठच्या वर. नंतर श्रेणी दहापैकी झाली, आणि आता ५.८१ दिसलं की जो तो दहापैकीच धरतो. माझ्या ट्रान्स्क्रिप्टवर सहा सेमिस्टरचे आकडे होते, खाली सीजीपीआय होता, पण कितीपैकी ते कुठेच छापलेलं नव्हतं. मुंबईतला माणूस चुकतो, तर शिकागोत बसून अर्ज वाचणाऱ्याला काय कळणार?

म्हणून जिथून ट्रान्स्क्रिप्ट मिळाली त्या ऑफिसात गेले. गोवंडीच्या कामावरून अर्धा दिवस रजा टाकायची, हार्बर पकडायची, आणि पोचेपर्यंत खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी. खिडकीतले काका वाईट नव्हते. पण म्हणाले, "फॉर्मॅट ठरलेला आहे. सगळ्यांना हाच देतो. आजवर कुणी काही बोललं नाही."

"काका, तक्रार नाहीये. फक्त 'सातपैकी' एवढं हवंय."

"हाताने लिहून दिलं तर खाडाखोड केली म्हणतील."

तेही खरंच होतं. त्यांनी आतल्या मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी मार्कशीटचा प्रश्न म्हणून दुसऱ्या टेबलावर पाठवलं. त्या टेबलावरचे साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला साहेब भेटले, तर "हे आमच्याकडे येत नाही, खिडकीवरच विचारा." नाही कुणीच म्हणत नव्हतं, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? माझ्या प्रत्येक मार्कशीटच्या मागे श्रेणीचा पूर्ण तक्ता छापलेला आहे. तोच तक्ता ट्रान्स्क्रिप्टसोबत द्यायला इतकी टोलवाटोलवी का, याचा राग मला आजही येतो. डेडलाइन डिसेंबर-जानेवारीच्या, दिवाळीची सुट्टी तोंडावर, आणि सगळं अडलं होतं एका शब्दावर.

सुटका केली आमच्या डिपार्टमेंटच्या सरांनी. ते म्हणाले, "ट्रान्स्क्रिप्ट बदला असं म्हणूच नकोस. वेगळं प्रमाणपत्र माग. मजकूर तूच टाइप करून ने, मार्कशीटच्या मागच्या बाजूची झेरॉक्स जोड, आणि अर्ज इनवर्ड केल्याशिवाय तिथून हलू नकोस." तसंच केलं. माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का पडला आणि कामाला एकदम पाय फुटले, कारण आता कागद कुणाच्या तरी टेबलावर नोंदला गेला होता. मिळालं ते चार ओळींचं पत्र: अमुक विद्यार्थिनी, अमुक वर्षांत सात गुणांची श्रेणीपद्धत लागू होती, तक्ता सोबत जोडला आहे. खाली सही, त्यावर जांभळा गोल शिक्का. मी तिथल्या तिथे तीन जास्तीच्या प्रती मागून घेतल्या आणि पाकिटाच्या जोडावर शिक्का मारून घेतला. तुम्हीही घ्या, दुसऱ्यांदा ती खिडकी नको.

तुमची श्रेणी दहापैकी असली तरी तक्ता जोडाच. आपल्याकडे ओ मिळवायला काय लागतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आणि फॉर्मवर स्वतः चारच्या पट्टीत बदलून आकडा भरू नका. आहे तोच आकडा आणि आहे तीच पट्टी लिहायची, बहुतेक ठिकाणी सूचनाच तशी असते.

हा कागद हातात आल्यावर मग खरा अंदाज घेता आला. परदेशी विद्यापीठांतल्या पब्लिक पॉलिसीच्या शाळा, म्हणजे तिथले विभाग, आपल्या वेबसाइटवर आधीच्या बॅचची माहिती देतात. त्यातली सरासरी म्हणजे कटऑफ नव्हे, साधारण निम्मी बॅच तिच्या खालचीच असते. पण काही अटी मात्र पक्क्या असतात. हार्वर्ड केनेडी स्कूलच्या एमपीए-आयडीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय विकासाच्या मास्टर्सला, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस हे कॉलेजातलं गणित आणि मायक्रो-मॅक्रो अर्थशास्त्र लागतंच. माझं गणित बारावीपर्यंतचं, म्हणून ते नाव यादीतून काढलं. शिकागोच्या हॅरिस स्कूलमध्ये आकडेमोडीवर भर आहे, तर तिथल्यासाठी संख्याशास्त्राचा ऑनलाइन कोर्स परीक्षेसकट पूर्ण केला आणि जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या क्वांटवर, म्हणजे गणिताच्या भागावर, जीव ओतला. तो स्कोअर पाच वर्षं चालतो, तेव्हा नोकरी करताकरता आधीच देऊन ठेवलेला बरा. तीन वर्षांची बीए चालते का, हे प्रत्येक शाळेला मेल करून विचारा. अमेरिकेत काही ठिकाणी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात.

माझी जमेची बाजू गोवंडीचं काम होतं. एम-पूर्व वॉर्डात वस्त्यांच्या नळजोडणीचे अर्ज कुठे अडतात ते मी रोज पाहत होते. निबंधात मी 'समाजासाठी काहीतरी करायचंय' असलं एक वाक्य लिहिलं नाही. एका गल्लीतल्या बायकांचा अर्ज कोणत्या कागदासाठी परत आला आणि नियम कसा असता तर तो अडला नसता, एवढंच लिहिलं. मार्क साधारण असलेल्यांनी जोर इथे लावावा, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचा अंदाजही यादी करतानाच घ्या. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. आपल्या मुंबईतली जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. आणि घर सोडायचं नसेल तर पवईला आयआयटीतही पब्लिक पॉलिसीचं मास्टर्स आहे, ते कमी समजू नका.

मला काही ठिकाणांहून नकार आले आणि सिंगापूरच्या ली कुआन यू स्कूलमधून होकार आला. ज्या आकड्यावर मला 'सोडा' म्हणून सांगितलं होतं, त्याच आकड्यावर आला, याचा मला अभिमान आहे.

एक राहिलंच. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही श्रेणीच्या तक्त्याची एक प्रत द्या आणि वर्गात तुम्ही कुठे होतात ते त्यांना पत्रात लिहायला सांगा. बऱ्याच शाळा अर्जाच्या वेळी ट्रान्स्क्रिप्टची स्कॅन प्रत घेतात, सीलबंद पाकीट प्रवेश मिळाल्यावरच मागतात. पण तक्त्याचं पत्र पहिल्या दिवसापासून त्याच पीडीएफमध्ये, ट्रान्स्क्रिप्टच्या लगेच मागच्या पानावर जोडा.