विटांची बार्बेक्यू-भट्टी आणि स्मोकर: तडे का जातात

परसातल्या विटांच्या भट्टीला तडे जातात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. जाळ लागणारा आतला भाग आणि बाहेरची भिंत एकाच सिमेंटच्या मसाल्यात जखडलेली असतात. आतली बाजू तापून फुगते, बाहेरची थंडच राहते आणि मग सांधा नाहीतर वीट फुटते. शिवाय सिमेंटचा मसाला 400 अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही. त्यातला चुना पाणी सोडतो, भट्टी निवल्यावर हवेतली ओल ओढून पुन्हा फुगतो आणि सांधा भुसभुशीत होऊन गळू लागतो.

म्हणून आतलं कवच वेगळं आणि सुटं बांधायचं. त्याला फायर ब्रिक (जाळ सोसणारी वीट) आणि फायर क्लेचा (जाळ सोसणाऱ्या मातीचा) मसाला, सांधा 2 ते 3 मिलीमीटर, त्याहून जाड नको. फायर ब्रिक पाण्यात नुसती बुचकळून काढायची. बाहेरच्या लाल विटा मात्र बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकतात. त्यांना 1 भाग सिमेंट, 6 भाग वाळू पुरे. कवच आणि भिंत यांच्यात 10 ते 15 मिलीमीटर फट हवी. बांधताना तिथे पुठ्ठा उभा धरला की मसाला आत पडत नाही. मग पुठ्ठा वर ओढत न्यायचा. वरचा रद्दा (विटांचा थर) फटीवरून पुढे येऊ द्या, पण टेकू द्या फक्त बाहेरच्या भिंतीवर. नेमका इथेच गवंडी सवयीने मसाला भरून टाकतो, तेव्हा उभं राहून करून घ्या.

तोंडावरच्या लोखंडी अँगलचंही तेच. 60 सेंटिमीटरचा अँगल 300 अंशांनी तापला की सुमारे 2 मिलीमीटर वाढतो. दोन्ही टोकांना 5 मिलीमीटर जागा मोकळी सोडा.

पायाला 10 सेंटिमीटर ठोकलेली खडी, वर सळ्यांची जाळी घालून 10 ते 12 सेंटिमीटर काँक्रीट, आणि किमान 7 दिवस पाणी. भाजायची जाळी जमिनीपासून 80 ते 85 सेंटिमीटरवर, कोळशापासून 15 ते 20 सेंटिमीटर वर. बाजूच्या दोन-तीन रद्द्यांतल्या विटा थोड्या आत काढून ठेवल्या की जाळी वर-खाली करता येते. जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या. जस्ताचा मुलामा असलेली नको, तापल्यावर जस्ताचा धूर विषारी. नदीतले गोटेही जाळाजवळ लावू नका. त्यांच्या आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटून उडतात.

स्मोकर म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी. त्याची जाळपेटी धुराच्या खोलीला लागून, पण तिच्यापेक्षा 20 ते 30 सेंटिमीटर खाली. धूर खोलीत तळाशी शिरावा आणि धुराडं समोरच्या टोकाला असावं, म्हणजे तो जिन्नसावरून सरकत जातो. झडपा दोन: जाळपेटीच्या हवेची आणि धुराड्याची. धूर कोंडावा म्हणून धुराड्याची झडप बंद करणं ही सर्रास होणारी चूक. हवा अडली की लाकूड धुमसतं, दाट पांढरा धूर येतो, भिंतींवर डांबरासारखा चिकट थर बसतो आणि मांस कडू लागतं. धुराडं जवळजवळ उघडंच ठेवा. तापमान हवेच्या झडपेने सांभाळा. पातळ, निळसर धूर हवा आणि आत 105 ते 120 अंश. थर्मामीटर जाळीच्या उंचीवरच बसवा, वरच्या भागातली हवा जास्त तापलेली असते. विटांना तापायला तास-दीड तास लागतो, त्याआधी आत काही ठेवू नका. लाकूड कठीण जातीचं, वाळलेलं. रंगवलेलं किंवा प्लायवूड अजिबात नको.

बांधकाम झाल्यावर तीन-चार आठवडे सुकू द्या. मग काही दिवस रोज छोटा जाळ, दरवेळी थोडा वाढवत. बाहेरच्या विटांवर ओलसर डाग उमटले, तर आतलं पाणी अजून निघतंय; जाळ वाढवू नका. कवचात केसाएवढ्या भेगा पडणारच. त्या तापल्यावर मिटतात, बुजवायला जाऊ नका. नख शिरेल एवढी भेग झाली, तरच ती फायर क्लेने भरा.