एवढी कवळी चिकटवून द्या

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीतून वरच्या कवळीचे दोन तुकडे. पुढच्या दोन दातांच्या फटीतून थेट टाळूच्या मागच्या कडेपर्यंत उभी चीर गेलेली. "बाई, एवढी चिकटवून द्या. परवा नातीचं लगीन हाय."

"पडली का?"

"पडली न्हाई. जेवताना मोडली. तेबी भातावर."

वाईत दवाखाना टाकून मला बावीस वर्षं झाली. मोरीत हातातून निसटलेली कवळी कुठूनही तुटते. तोंडातल्या तोंडात मोडलेली वरची कवळी मात्र बहुतेक वेळा अशीच मधोमध मोडते. तेव्हा भाताला दोष देण्यात अर्थ नव्हता. ती किती महिने रोज थोडी थोडी वाकत होती कोण जाणे.

तुकड्यांच्या कडांवर काचेसारखा कडक, पांढरट थर होता. नातवानं आदल्या रात्री किराणा दुकानातला झटपट गोंद लावून पाहिला होता. या गोंदावर माझा जुना राग आहे. त्याचा थर बसला की कडा एकमेकींत नीट जात नाहीत, तुकडे केसभर वाकडे जुळतात, आणि तोंडात केसभर फरक म्हणजे दाढेखाली खडा. वर तो गोंद तोंडात घालायचा नाहीच. कवळी मोडली तर काहीही लावू नका. सगळे तुकडे, निसटलेला दातसुद्धा, पुडीत बांधून आणा.

गोंद खरवडण्यातच अर्धा तास गेला. मग तुकडे जुळवून वरून चिकट मेण लावलं आणि चिरेवर आडव्या काडेपेटीच्या काड्या मेणानं बसवल्या, म्हणजे हलायला नको. आतल्या बाजूला जरासं व्हॅसलिन लावून प्लास्टर ओतलं. प्लास्टर घट्ट झालं की तुकडे कुठे बसायचे याचा साचा तयार. मग तुकडे काढून दोन्ही कडा तिरक्या घासायच्या, मध्ये तीनेक मिलिमीटर फट ठेवायची, आणि त्या फटीत अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कवळीच्याच प्लॅस्टिकची, गुलाबी पूड व द्रव थेंबाथेंबानं भरायचा. त्या द्रवाचा नाकात जाणारा वास घरी गेल्यावरही माझ्या ओढणीला येतो. नंतर कोमट पाण्याच्या प्रेशर पॉटमध्ये पंधरा मिनिटं, म्हणजे आत बुडबुडे राहत नाहीत. शेवटी घासणं आणि चकाकी. हे काम मला मनापासून आवडतं. रूट कॅनालमध्ये काय केलं ते पेशंटला दिसत नाही, इथे दिसतं.

अण्णांना निघताना सांगितलं, "लग्न झालं की या. कवळी नुसती जोडलीय, मोडायचं कारण तसंच आहे."

अण्णा आले ते गणपतीत. तोच रुमाल, जवळजवळ तीच चीर. "तुमची जोड कच्ची व्हती."

तसं त्यांचं चूक नव्हतं. असं आपोआप घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक मूळच्या, उष्णतेनं पक्क्या केलेल्या कवळीइतकं मजबूत होत नाही. जोडात तार तरी घालायला हवी होती. लग्नाच्या घाईत मीही ती टाळली. पण खरी गोम वेगळी होती. कवळी केल्यापासूनच्या नऊ वर्षांत हिरडीखालचं हाड झिजलं होतं. दात गेले की हाड झिजतंच, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त. टाळूच्या मधला कडक भाग मात्र तसा झिजत नाही. पाटाखाली मधोमध खडा आला की पाट डुगडुगतो, तशी कवळी प्रत्येक घासाला डुगडुगते. कवळीचे दात चांगले होते म्हणून नवी करायची गरज नव्हती. आतून अस्तर बदलायला हवं होतं. रीलायनिंगला मी पेशंटसमोर अस्तरच म्हणते, शिंप्याकडे गेलेल्या प्रत्येकाला ते कळतं.

पण लगेच माप घेता येईना. टाळू लालभडक, आणि ती लाली बरोबर कवळीच्या कडेपर्यंत, नकाशा काढल्यासारखी. अण्णा रात्रीही कवळी काढत नव्हते. "बिनदाताचं बघितलं की धाकटी नात रडती." म्हणून आधी बुरशीचं औषध, रात्री कवळी पाण्यात, आणि आत तात्पुरतं मऊ अस्तर. ब्रश आणि साध्या साबणानं धुवायची, खरखरीत टूथपेस्ट नको, कढत पाणी तर नकोच, कवळी वाकडी होते. दोन आठवड्यांनी हिरडी गुलाबी झाली.

मापाच्या दिवशी कवळीच्या आतून पातळ थर घासून काढला, लवंगेच्या वासाची मापाची पेस्ट भरली आणि अण्णांना दात मिटून बसायला लावलं. इथे मी फार जपते. सुरुवातीच्या वर्षांत एका निवृत्त शिक्षिकेच्या कवळीचं अस्तर मी जाड करून ठेवलं होतं. दात उंच झाले. चार दिवसांनी त्या आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मी बोलते की टिपऱ्या खेळते?" सगळं पुन्हा करावं लागलं, अर्थात माझ्या खर्चानं.

कवळी लॅबमध्ये होती तो एक दिवस अण्णा उपरण्यानं तोंड झाकून घरात बसले. दुसऱ्या दिवशी घातल्यावर मी एका बाजूच्या दाढांवर बोट दाबलं. दुसरी बाजू उचलली नाही. अण्णांनी "विठ्ठल विठ्ठल" म्हणून पाहिलं, मग आरशात पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यात नाव घालता येतंय का? वारीत मुक्कामाला आमच्या मंडळाच्या चौघांच्या कवळ्या एका वळीत ग्लासात असत्यात. मागल्या साली अदलाबदल झाली."

येतं. कागदाची बारीक पट्टी, वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा थर. मी पट्टी कापून पेन घेतलं.

"नुसतं नाव नगं," अण्णा म्हणाले. "गाव बी लिवा."